जावेला आलेलं काम

"हॅलो, प्रणिता मगदूम आहेत का? लेखिका प्रणिता मगदूम?"

दुपारचे अडीच वाजले होते. श्रावण होता, आक्का, म्हणजे आमच्या सासूबाई, उपासाचं खाऊन आत पडल्या होत्या. मी जेवणाच्या टेबलावर एका लेखाची शेवटची प्रत सुवाच्य अक्षरात उतरवत होते. फोनवरचा आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, पण खणखणीत.

"त्या बाहेर गेल्यात," मी म्हटलं. "काय काम होतं?"

"काम त्यांच्याशीच आहे. मी मिरजेहून मार्था सोनवणे बोलते. रिटायर्ड नर्स. जानेवारीत मला ऐंशी पूर्ण होतील. त्याच्या आत माझं पुस्तक व्हावं असं माझ्या मुलाच्या मनात आहे. बाईंनी मला त्यांचं कार्ड दिलं होतं."

कार्ड! ते फिकट निळं कार्ड माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. 'सौ. प्रणिता सन्मती मगदूम, लेखिका. चरित्र, स्मरणिका, मानपत्र, जाहिरात.' आणि खाली आमच्या घरातला, आम्हा सगळ्यांचा मिळून असलेला एकुलता एक फोन नंबर.

"त्या हल्ली नवीन काम घेत नाहीत," मी म्हटलं.

हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. तोंडातून गेलं आणि मग मलाच ऐकू आलं. पण पुढचं मात्र ठरवून बोलले.

"मी त्यांची थोरली जाऊ. शैलजा मगदूम. मीही लिहिते. वीस वर्षं लिहिते."

मग बाई म्हणाल्या, "बरं. मंगळवारी या."

प्रणिता आमच्या घरात आली तेव्हा मी लिहायला लागून पंधरा-सोळा वर्षं झाली होती. सांगलीच्या विश्रामबागेत आमचं घर. माझे यजमान भरत, धाकटे दीर सन्मती, आक्का आणि मी. मी पुरवण्यांना लेख पाठवायची. सोबत परतीचं पाकीट, त्यावर तिकीट लावून. दहातले तीन छापून यायचे. माझे वडील शिक्षक होते. ते म्हणायचे, चांगल्या कामाला ओरडून सांगावं लागत नाही. मी ते व्रतासारखं पाळलं. कुठल्या संपादकाला कधी भेटायला गेले नाही की कुणाला 'माझा लेख वाचला का' असं विचारलं नाही. कुणी आपणहून वाचला आणि सांगितलं तर दोन दिवस आनंदात जायचे. असे दिवस वर्षातून चार-पाच.

प्रणिता इचलकरंजीची. बी.कॉम. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती एकदम म्हणाली, "ताई, मी पण लिहू का? तुमचं बघून मलाही वाटायला लागलंय."

"लिही की," मी म्हटलं. मला बरंच वाटलं होतं. वाटलं, कधीतरी कागद घेऊन येईल, मी दुरुस्त्या सुचवीन.

ती कागद घेऊन आली नाही. तिनं दिवाळीच्या पाडव्याला कार्डं छापून आणली. आधी कार्डं, मग लिहिणं! सांगलीतल्या शाळा, कारखाने, सगळ्यांना पत्रं धाडली. 'आपल्या संस्थेचा इतिहास शब्दबद्ध करून देईन.' महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली तरी वाणाच्या बरोबरीनं कार्ड द्यायची. एकदा डेअरीच्या उद्घाटनाला पाहुणे यायला उशीर झाला, तर ही बिनबोलावता उठली आणि माईकवर दहा मिनिटं दुधावर बोलली. लोक हसून हसून बेजार. खाली उतरली ती कार्डं वाटतच.

मी घरी येऊन भरतना म्हटलं, "शोभतं का हे?"

"का? छान बोलली की. तू पण छाप कार्डं."

त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही.

तिनं तोपर्यंत लिहिलेलं मी वाचलं होतं. दोन-तीन दुकानांच्या जाहिराती, एका सेवानिवृत्ती समारंभाचं मानपत्र. ठीक होतं. वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तेच बोचत होतं. वाईट असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

आणि जेवायला बसलं की तिचं सुरू. "ताई, आज माधवनगरच्या एका कारखान्यात बोलणी झाली. जवळजवळ नक्कीच आहे." "विट्याच्या शाळेचं शताब्दी वर्ष आहे, ते म्हणाले तुमच्याशिवाय कुणाला देणार?" आक्का तिच्या पानात तूप वाढत म्हणायच्या, "नाव काढलं गं पोरीनं." वीस वर्षांत माझं नाव कुणी काढलं नव्हतं. घास तोंडात फिरायचा. मी उठून ताक घुसळायला जायची.

मार्थाबाईंचा फोन आला तो या सगळ्यावर. मला वाटलं, हिच्याकडं एवढी कामं आहेत, त्यातलं एक मी उचललं तर हिला कळणारसुद्धा नाही.

मंगळवारी मी मिरजेला गेले. मार्थाबाईंचं घर दोन खोल्यांचं, पुढं कण्हेरीची झाडं. बाई उंच, पांढरी सुती साडी, केस मागं घट्ट बांधलेले. चहा स्वतःच केला. मग माझ्यासमोर बसून थेट विचारलं, "तुम्हाला तिनं पाठवलं का?"

मला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं असतं तर मग मी इथं कशी, हे सांगावं लागलं असतं.

"हो," मी म्हटलं. "तिनंच पाठवलं."

"मला वाटलंच. मनानं मोठी दिसली ती मला. बायकांच्या एका मेळाव्यातून बाहेर पडताना माझी चप्पल तुटली, तर तिनं स्वतःची काढून दिली. रिक्षात बसवलं. वाटेत मला सगळं विचारत होती, नाव तेवढं सोडून. उतरताना म्हणाली, सिस्टर, तुमचं लिहून ठेवायला पाहिजे. चार हजारांवर बाळंतपणं केली मी बाई, खेड्यापाड्यात, कंदिलाच्या उजेडात. मला असं कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या मुलानंसुद्धा नाही. तिनं म्हटल्यावर मी त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, करूया."

मी वही उघडली आणि तारीख घातली.

त्यानंतर अडीच महिने मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी मिरजेला जात राहिले. घरी सांगितलं, एका नर्सबाईंच्या आठवणी लिहून देतेय.

"अय्या ताई! कसं मिळालं?" प्रणितानं विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ओळखीतून."

"कुणाच्या?"

"आहे एक ओळख."

तिनं घडी घातली, दुसरा सदरा उचलला. "बरं झालं," ती म्हणाली. "तुम्हाला कधीच मिळायला पाहिजे होतं."

मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं नाही. पुढं फार वेळा वाटलं की पाहायला हवं होतं.

पुस्तक मात्र चांगलं होत गेलं. मी माझ्या आयुष्यात तसं लिहिलं नव्हतं. मार्थाबाई सांगायच्या, आणि मला ती वाटेवरची चिखलातली बैलगाडी, ती अडलेली बाई, दाराबाहेर बसलेला तिचा नवरा, सगळं दिसायचं. वाटायचं, हे माझंच काम होतं. प्रणिताला हे असं जमलं नसतं. तिनं चार विनोद घातले असते. ज्या दिवशी हे मनाशी म्हणायची त्या दिवशी चार पानं सहज व्हायची.

दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, प्रणितानं जेवताना सांगितलं की ती एक जानेवारीपासून पतसंस्थेत नोकरीला जाणार आहे.

"आणि लिहिण्याचं?" मी विचारलं. "एवढी कामं हातात असताना?"

"दोन्ही जमत नाही, ताई," ती म्हणाली आणि भाताकडं पाहत राहिली. सन्मती भाऊजींनी तिच्याकडं न पाहता आमटी वाढून घेतली. आक्का म्हणाल्या, "ठरलेला पगार बरा बाई."

मला आत कुठंतरी हलकं वाटलं. पायातला काटा निघाल्यासारखं. आता जेवताना माधवनगर आणि विटा ऐकावं लागणार नव्हतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मिरजेत प्रकाशन ठरलं. मार्थाबाई मला दोनदा म्हणाल्या होत्या, "तुमच्या जावेला घेऊन या." मी हो-हो म्हटलं आणि घरी काही बोलले नाही. पण बाईंनी पोस्टानं निमंत्रण धाडलं. पाकिटावर 'सौ. प्रणिता मगदूम व कुटुंबीय'.

"माझ्या नावानं कसं आलं हो?" प्रणितानं पाकीट उलटसुलट करून विचारलं.

"त्यांना घरातल्या सगळ्यांना बोलवायचं होतं."

"मग जायलाच पाहिजे. तुमचं पहिलं पुस्तक, ताई!" ती म्हणाली आणि त्याच संध्याकाळी आक्कांची जरीची साडी इस्त्रीला देऊन आली.

मी मनात ठरवलं, गर्दी असेल, भाषणं होतील, चहा होईल, निघून येऊ. म्हाताऱ्या माणसाच्या काय एवढं लक्षात राहणार.

सभागृह भरलेलं होतं. मार्थाबाईंनी बाळंतपण केलेल्या बायका आल्या होत्या, आणि त्या बाळंतपणातली आता चाळिशीला आलेली मुलंसुद्धा. मला व्यासपीठावर बसवलं होतं. पुढच्या रांगेत भरत, आक्का, सन्मती भाऊजी, प्रणिता. पुस्तकाचं प्रकाशन झालं, टाळ्या झाल्या. मार्थाबाई बोलायला उभ्या राहिल्या. काठी टेबलाला टेकवली, चष्मा काढला.

"पुस्तक शैलजाबाईंनी लिहिलं. फार छान लिहिलं. पण मला आज दुसऱ्याच एका मुलीचे आभार मानायचे आहेत," त्या म्हणाल्या. "मी फोन तिला केला होता. काम तिचं होतं. तिनं काय केलं? मला वेळ नाही म्हणाली आणि आपल्या थोरल्या जावेला माझ्याकडं पाठवलं. आपल्या ताटातलं उचलून दुसऱ्याच्या ताटात वाढणारी माणसं हल्ली कुठं दिसतात? प्रणिता, बाळा, वर ये."

लोक माना वळवून शोधू लागले. भरत आणि आक्का कौतुकानं प्रणिताकडं पाहत होते. सन्मती भाऊजींच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, त्यांना काही कळेना.

प्रणिता माझ्याकडं पाहत होती.

किती वेळ, मला सांगता येणार नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण एखादी बेरीज दहा वेळा करावी, ती चुकत राहावी आणि मग एकदम चूक कुठं होती ते सापडावं, तसा चेहरा होता. मी खाली पाहिलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, मला कुठलाही फोन आला नव्हता. म्हणू दे. एकदाचं होऊन जाऊ दे.

ती उठली. पदर सावरून पायऱ्या चढून वर आली. मार्थाबाईंना वाकून नमस्कार केला. त्यांनी तिला शाल घातली आणि माईक तिच्यापुढं सरकवला.

"सिस्टर," प्रणिता म्हणाली. आवाज पहिल्या शब्दाला थोडा फाटला, मग नीट झाला. "तुमचा हात चार हजार बायकांच्या कपाळावरून फिरलाय. तुमचं लिहायचं तर ते माझ्यासारख्या नवशिकीचं काम नव्हतं. त्याला माझ्यापेक्षा मोठं माणूस पाहिजे होतं, आणि ते आमच्याच घरात, जेवणाच्या टेबलावर बसून वीस वर्षं लिहीत होतं. मी काय केलं? फक्त बोट दाखवलं. पुस्तक वाचा, आणि मी बोट बरोबर दाखवलं की नाही ते तुम्हीच मला सांगा."

टाळ्या थांबेनात. आक्कांनी डोळ्याला पदर लावला. मी खुर्चीत बसले होते आणि मला आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत कुणीतरी मोठं म्हटलं होतं.

घरी येईपर्यंत दुपारचे तीन वाजले. येताना वाटेत भरत सारखं म्हणत होते, "तू बोलली नाहीस कधी. हे काम प्रणितानं दिलं ते?" मी खिडकीबाहेर पाहत राहिले. घरात आल्यावर बाकीचे आडवे झाले. प्रणितानं साडी बदलली आणि संध्याकाळच्या थालीपिठांसाठी भाजणी काढली. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

"प्रणिता..."

"फोन कधी आला होता, ताई?" तिनं परातीतून मान वर न करता विचारलं.

"श्रावणात. तू त्या दिवशी पत्रं द्यायला गेली होतीस."

"म्हणजे दिवाळीला अजून अडीच महिने होते."

"दिवाळीचं काय?"

"ह्यांना म्हटलं होतं, मला एक वर्ष द्या. पाडवा ते पाडवा. एक जरी मोठं काम आलं तरी पुढं चालू ठेवायचं. नाहीच आलं तर पतसंस्थेतली जागा घ्यायची. ह्यांनी कबूल केलं होतं."

"पण तुला तर किती कामं... ते माधवनगरचे, विट्याची शाळा..."

ती हसली. हात भाजणीनं माखलेले होते, मनगटानं कपाळावरचे केस मागं सारले.

"माधवनगरच्या कारखान्यात मला गेटच्या आत घेतलं नाही. विट्याहून पत्राचं उत्तरसुद्धा आलं नाही. मी आपली घरी येऊन सांगत होते. घरातल्या माणसांनाच खरं वाटलं नाही तर बाहेरच्यांना कसं वाटणार? तीनशे कार्डं वाटली, ताई. एकही फोन आला नाही." ती थांबली. "म्हणजे, एक आला होता म्हणायचा."

मी पाटावर बसले. वर्षभर जे ऐकून मी जळत होते, त्यातलं काहीसुद्धा खरं नव्हतं. जे एक खरं होतं ते मी घेतलं होतं.

"त्या फोनवर काय म्हणाल्या?" तिनं विचारलं. "माझं नाव कसं घेतलं?"

"म्हणाल्या, लेखिका प्रणिता मगदूम आहेत का."

तिनं भाजणीत पाणी घालता घालता हात थांबवला.

"लेखिका म्हणाल्या?"

"हो."

"मला असं आजपर्यंत कुणीच म्हटलं नाही, ताई," ती म्हणाली. "मी एकटीच म्हणत होते."

मग ती भाजणी मळू लागली. मी म्हटलं, "मी आत्ता सगळ्यांना उठवून सांगते. सन्मती भाऊजींना सांगते. मार्थाबाईंना सांगते. तू नोकरीला जाऊ नकोस."

"नको," ती म्हणाली. आता मात्र आवाज कडक होता. "मी शंभर माणसांपुढं बोलून आलेय. आता मला खोटं पाडू नका. ह्यांना मी सांगितलंय, ताईंना मीच काम दिलं, तुम्हाला सांगायचं राहिलं. संपलं ते. तेल काढून द्या तेवढं."

मी तेल काढून दिलं.

एक जानेवारीला ती डबा घेऊन पतसंस्थेत गेली.

मार्थाबाईंचं पुस्तक हातोहात फिरलं. जानेवारीच्या शेवटी एका रविवारी सकाळी तासगावच्या बाजूचे एक गृहस्थ आपणहून घरी आले. पाटील नावाचे, शाळेचे सेक्रेटरी. त्यांना शाळेच्या पन्नास वर्षांचा ग्रंथ करायचा होता. मी त्यांना बसवलं, आणि मनाशी जे ठरवून ठेवलं होतं ते बोलले.

"हे काम माझी धाकटी जाऊ करील. माझ्यापेक्षा चांगलं करील. थांबा, बोलावते."

प्रणिता मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. ओले हात पुसत बाहेर आली. पाटलांनी काम सांगितलं. मी तिच्याकडं डोळे लावून बसले होते. घे, म्हणत होते मनात. घे गं, आणि मला मोकळं कर.

"मी ते बंद केलं, साहेब," प्रणिता म्हणाली आणि त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून बसली. "पण तुम्ही योग्य घरात आलात. आमच्या ताईंना स्वतःविषयी बोलता येत नाही, म्हणून मी सांगते. तुमच्या शाळेतला शिपाई घंटा कशी द्यायचा, पहिल्या वर्गात पाऊस आला की मुलं कुठं बसायची, हे असलं सगळं त्या पुस्तकात आणतील. शाळेचा इतिहास सगळेच लिहितात हो. शाळा लिहिणारं माणूस आपल्या जिल्ह्यात हे एकच आहे. आणि त्या घाई करणार नाहीत, तेवढं तुम्हाला सोसावं लागेल."

पाटील हसले. पुढं झुकून ऐकू लागले. ती पाच मिनिटं बोलली. माझे जुने लेख तिनं नावानिशी सांगितले. कुठल्या पुरवणीत, कुठल्या साली. ते तिनं वाचले होते हेच मला माहीत नव्हतं. तिचं बोलणं संपलं तेव्हा पाटलांनी माझ्याकडं वळून हात जोडले आणि म्हणाले, "बाई, नाही म्हणू नका."

प्रणिता उठून पुन्हा कपडे वाळत घालायला गेली.

याला एकवीस वर्षं झाली. त्यानंतर मी सोळा ग्रंथ लिहिले. तिनं एक ओळ लिहिली नाही. ती आता त्या पतसंस्थेची व्यवस्थापक आहे. आम्ही आजही एकाच घरात राहतो, एका टेबलावर जेवतो, आणि तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. लाज मला वाटते, वाटत राहील. पण ती मागाहून आली. त्या रविवारी सकाळी, पाटील हात जोडून समोर बसले असताना, मी दारातून अंगणातल्या तिच्या पाठीकडं पाहत होते आणि माझ्या मनात एवढंच होतं, की हिच्यासारखं बोलणं देवानं मला का नाही दिलं?